चाकांची चौकशी: लिफ्ट केली, पण जागा कुठे झाली?

या वेळच्या पत्रांचा सगळा कल एकाच बाजूला आहे: उंच केलेली गाडी आणि तिला मोठे टायर. मी अठरा वर्षं अलाइनमेंटच्या मशीनवर काढली. लोक हौसेनं गाडी उचलून घेतात त्यानंतर काय होतं, ते मी गाडीच्या पोटाखाली उभं राहून पाहिलेलं आहे. पहिलं पत्र खोलात जाण्यासारखं आहे, म्हणून त्याला जास्त जागा दिली आहे. बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न: ताई, माझी ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी) गाडी आहे. कंपनीचे टायर २२५/६० आर १७, रिम ७ इंच रुंद, ऑफसेट ४८. मागच्या महिन्यात चारही शॉकॉबच्या (शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या) डोक्यावर ४० मि.मी.चे स्पेसर, म्हणजे जाड चकत्या, टाकून गाडी उचलली. आता ती उंच टाचांच्या चपला घातल्यासारखी दिसते, चाकं फार बारकी वाटतात. मी ८ इंच रुंद, ऑफसेट २५ च्या काळ्या रिम आणि त्यावर २३५/६५ आर १७ ऑल-टेरेन टायर पसंत केले आहेत. विकणारा म्हणतो, ‘लिफ्ट केलीय ना, मग डोळे झाकून बसवा.’ बसवू का?

उत्तर: डोळे झाकायचं काम विकणाऱ्याला करू द्या. तुम्ही टेप घेऊन खाली बसा.

आधी टायरचा हिशेब करू. २२५/६० म्हणजे रुंदी २२५ मि.मी. आणि बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ६० टक्के, म्हणजे १३५. वरची आणि खालची मिळून २७०. त्यात १७ इंची रिमचे ४३१.८ मिळवले की पूर्ण टायर साधारण ७०२ मि.मी. उंच होतो. तुमचा पसंतीचा २३५/६५ याच हिशेबानं ७३७ येतो. म्हणजे व्यास ३५ मि.मी.नं, पाच टक्क्यांनी वाढला. जमिनीपासूनची उंची मात्र त्याच्या निम्मीच वाढते, साडेसतरा मि.मी. एवढ्यासाठी काय काय मोजावं लागणार ते आता बघा.

स्पेसर शॉकॉबच्या डोक्यावर बसला आहे. त्यामुळे बॉडी वर गेली आणि चाक तिच्यापासून ४० मि.मी. खाली सरकलं. गाडी खड्ड्यात आदळून शॉकॉब पूर्ण दबला, तरी चाक पूर्वीपेक्षा तेवढंच खाली थांबतं. तेव्हा वरच्या, मडगार्डच्या कमानीशी खरोखरच जागा झाली, विकणारा एवढ्यापुरता बरोबर आहे. (ज्यांनी स्पेसर न लावता नुसत्या लांब स्प्रिंगा टाकून गाडी उचलली, त्यांना एवढीही मिळत नाही. त्यांचा बंपस्टॉप, म्हणजे चाकाला वर जाताना अडवणारा रबरी ठोकळा, जिथल्या तिथेच असतो. गाडी उभी असताना कमान ऐसपैस दिसते, पण दणका बसला की टायर जुन्याच ठिकाणी जाऊन पोचतो.)

पण टायर फक्त वरच्या कमानीलाच लागतो असं कुणी सांगितलं? पुढच्या चाकाच्या आतल्या अंगाला, टायरच्या डोक्यावर, स्प्रिंग जिच्यात बसते ती वाटी असते. ती शॉकॉबवर असते आणि शॉकॉब खाली चाकाच्या नकलला (चाक धरून ठेवणाऱ्या धातूच्या भागाला) बोल्टनं आवळलेला असतो. वाटी आणि चाक दोघं एकत्रच वर-खाली होतात. वरून चाळीस काय, चारशे मि.मी.चा स्पेसर टाका, त्या दोघांमधली फट केसभरही वाढणार नाही. मी पाहिलेले निम्मे घोळ या एका ठिकाणचे आहेत.

ही फट मोजायला मी ड्रिलचे बिट वापरते. टेप आत जात नाही आणि बोटांचा अंदाज चुकतो. स्टीअरिंग सरळ ठेवा, चाकाच्या मागून हात घाला आणि टायर आणि वाटी यांच्यामध्ये बिटची गुळगुळीत दांडी सरकवून बघा. १० ची गेली, १२ ची घाला, मग १४ ची. अडेल तिथे थांबा. समजा २० ची जेमतेम गेली. २३५/६५ नं त्रिज्या जवळजवळ १८ मि.मी. वाढते, म्हणजे हाती उरले २. त्यातच खडा अडकणार, त्यातच टायर वळणावर लवणार, आणि एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर काही मि.मी.नं कमी-जास्त असतात ते वेगळंच. मी सहा-सात मि.मी.पेक्षा कमी फट ठेवत नाही. घासणारी वाटी धातूची असते, टायरची भिंत रबराची, आणि दोघांत कोण हरणार ते सांगायला नको.

आता रिम. तुम्ही एकदम दोन गोष्टी बदलता आहात, रुंदी आणि ऑफसेट, आणि दोन्ही एकाच दिशेला खेचतात. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून तिची हबला (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला) टेकणारी बाजू किती बाहेर आहे ते. आकडा जितका कमी, तितकं चाक बाहेर. जुनी रिम ७ इंच, ऑफसेट ४८: तिची बाहेरची कड हबपासून सुमारे ४१ मि.मी. नवी ८ इंच, ऑफसेट २५: बाहेरची कड ७७. चाक ३६ मि.मी. बाहेर फेकलं गेलं. आतल्या बाजूला १० मि.मी. मोकळे झाले हे खरं, पण ३६ बाहेर ढकलून १० आत मिळवायचे, हा कसला सौदा?

बाहेर गेलेलं चाक स्टीअरिंग फिरवताना जास्त मोठ्या घेऱ्यात फिरतं. दाराच्या पुढचा, मडगार्डच्या मागचा कोपरा आहे ना, पूर्ण वळवल्यावर ते तिथे जाऊन भिडतं. गाडी उंच केल्यानं ही आडवी जागा वाढत नाही. शिवाय बेअरिंगवर तरफेसारखा जोर येतो, रस्त्यावरच्या प्रत्येक चरीत स्टीअरिंग हाताला हिसके देतं, आणि मडगार्डच्या बाहेर आलेला टायर सगळा चिखल दारांवर फेकतो. टायर मडगार्डबाहेर येणं बऱ्याच ठिकाणी नियमात बसत नाही, ते तुमच्याकडे विचारून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझ्या स्वतःच्या गाडीला मी असंच चाक बाहेर काढलं होतं. सरळ चालवताना काही नाही, वळणावर काही नाही. मात्र मागे चार माणसं बसली, गाडी चढावर, गिअर रिव्हर्स आणि स्टीअरिंग पूर्ण डावीकडे, एवढं सगळं जुळलं की पुढून ‘खर्रर्र’. मी महिनाभर त्याला मडगार्डमधला खडा समजत होते. शेवटी चाक काढलं तर प्लॅस्टिकच्या लायनरला रुपयाएवढं भोक, आणि त्या भोकातून आत डोकावणारी वायरींची जुडी. टेप गुंडाळलेली होती म्हणून वाचली. अठरा वर्षं दुसऱ्यांची चाकं बघणारी बाई, आणि घरच्या गाडीचा आवाज ओळखता आला नाही!

तुमच्या जागी मी असते तर २२५/६५ आर १७ घेतला असता. तो ७२४ मि.मी. येतो, म्हणजे मूळच्यापेक्षा ३.२ टक्के मोठा. त्रिज्या ११ मि.मी. वाढते, त्यामुळे वाटीपाशी २० ची फट असेल तर ९ उरतात. रिम जुनीच चालेल. काळी हवीच असेल तर ७ इंची, ऑफसेट ४२ च्या आसपासची शोधा. चाक फक्त ६ मि.मी. बाहेर येतं आणि आतही तेवढीच मोकळीक मिळते. दिसायला चपला जाऊन बूट आल्यासारखं वाटेल, एवढं नक्की.

चारांचे पैसे मोजण्याआधी एकच टायर एकाच रिमवर चढवायला सांगा. ते चाक पुढे बसवून गाडी जमिनीवर उतरवा आणि स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मग त्या चाकाखाली ठोकळा सरकवून ते वर दाबलं जाईल असं करा आणि पुन्हा फिरवा. मडगार्डच्या आत खडू फासून ठेवला तर कुठे पुसला गेला ते लगेच दिसतं. त्या एका चाकावर गाडी रस्त्यावर मात्र नेऊ नका, कारण पुढच्याच पत्रात येतंय.

मागचं चाकही बघा. मागे ट्रेलिंग आर्म (चाकाला पुढून धरणारा दांडा) असलेल्या गाड्यांत चाक खाली गेलं की ते आर्मबरोबर गोलाईत फिरून थोडं पुढेही सरकतं. त्यामुळे उचललेल्या गाडीत मागची कमान पुढच्या अंगाला चिंचोळी आणि मागे मोकळी दिसते. तुमच्या गाडीत तसं असेल तर आर्मची बैठक खाली घेणारे स्पेसर लागतील. आणि लिफ्ट केल्यावर अलाइनमेंट केलं नसेल तर नवे टायर चढवायच्या आधी नाही, चढवल्यावर लगेच करा. ४० मि.मी.नं कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचं तोंड आत-बाहेर वळणं) दोन्ही हलतात. टो बिघडलेला असेल तर नवा टायर काही हजार किलोमीटरमध्ये एका कडेनं करवतीसारखा होतो. त्या कडेवरून तळहात एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला बोचरा लागला तर समजा.

प्रश्न: माझ्याही ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीचे पुढचे दोन टायर झिजले आहेत, मागचे निम्मे शिल्लक आहेत. आता दोन मोठे आणि पुढच्या वर्षी दोन मोठे, असं हप्त्यानं केलं तर?

उत्तर: नको. मोठे तर नकोच, पण मूळ मापाचे दोन नवेही जपून.

नवीन टायरची नक्षी साधारण ८ मि.मी. खोल असते. तुमच्या मागच्यांची ४ उरली आहे असं धरू. त्रिज्येत ४ चा फरक म्हणजे परिघात २५ मि.मी. या दोन जोड्या एकाच रस्त्यावर धावताना दर किलोमीटरला एक जोडी दुसरीपेक्षा पाच फेऱ्या जास्त मारते. टू-व्हील ड्राइव्ह गाडीत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. तुमच्या गाडीत मात्र पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल मधल्या कपलिंगनं जोडलेला असतो. घसरणाऱ्या चाकाला आवरणं हे त्या कपलिंगचं काम, आणि सरळ कोरड्या रस्त्यावरही त्याला वाटत राहतं की कुणीतरी घसरतंय. तासन् तास ते तापत बसतं. सुबारू तर चारही टायरांच्या परिघात पाव इंचापेक्षा जास्त फरक नको म्हणते. नक्षीच्या भाषेत तो फरक जेमतेम १ मि.मी. होतो. तुमच्या गाडीच्या माहितीपुस्तकात तिचा स्वतःचा आकडा असेल, तो मोठ्यानं वाचा.

पैसे हप्त्यानंच जमणार असतील तर वर्षभर थांबा आणि चारही एकदम घ्या. खरं तर पाच घ्या. टायरचं माप बदललं आणि स्टेपनी जुनी राहिली, तर पंक्चरच्या दिवशी तीन मोठी आणि एक लहान अशी गाडी घरी आणायची वेळ येते. पाच सारखे असले की स्टेपनीलाही फेरीत घ्यायचं, मग पाचही एकत्र झिजतात. मात्र डिकीच्या खड्ड्यात मोठी स्टेपनी मावते का, हे टायर घेण्याआधी बघा. हा सल्ला मला कुणी दिला नव्हता. माझी स्टेपनी दीड वर्ष मागच्या सीटवर प्रवासी म्हणून फिरली.

प्रश्न: मी दगडधोंड्यांतून जातो, १७ इंची रिमला दोनदा बाक आला. १५ इंची रिमवर जाडजूड टायर लावणं शहाणपणाचं का?

उत्तर: तुमच्यासारख्या वापराला हाच खरा उपाय, आणि दुर्दैवानं दिसायला सगळ्यात साधा. २१५/७५ आर १५ घेतला तर उंची ७०३.५ मि.मी. येते, पहिल्या पत्रातल्या २२५/६० आर १७ इतकीच. पण बाजूची भिंत १३५ ची १६१ होते. दगड आणि रिम यांच्यामध्ये अंगठ्याच्या रुंदीएवढं रबर वाढलं. थोडी हवा कमी केली की टायर दगडाला मिठी मारतो, १७ इंची टायर त्याच दगडावर टण्णकन उडतो. (डांबरी रस्त्यावर परत आलात की हवा परत भरा. हवा मोजायचं यंत्र आणि छोटा पंप गाडीत नसेल तर हवा सोडण्याच्या भानगडीत पडू नका.)

अडचण ब्रेकची. बऱ्याच गाड्यांत पुढचं कॅलिपर (ब्रेकची चकती पकडणारा भाग) १५ इंची रिममध्ये बसतच नाही, आणि त्याच मापाची एक रिम बसते तर दुसरी अडते, कारण आतला आकार वेगवेगळा असतो. म्हणून रिम आधी नुसती, टायरशिवाय, हबला लावून हातानं पूर्ण फिरवून बघा.

बसली तरी हबचं भोक तपासा. बाजारातल्या रिमचं मधलं भोक मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं, म्हणजे ती अनेक गाड्यांना चालते. समजा रिमचं भोक ७३.१ आणि तुमचा हब ५६.१. मधल्या फटीत रिंग बसवायची असते. मला एकदा त्या रिंगा दिल्याच नाहीत. गाडी ९० ला स्टीअरिंग थरथरवायची आणि मी एकाच दुकानात तीनदा बॅलन्सिंग करून घेतलं. तिन्ही वेळा मशीननं शून्य दाखवलं. मशीन खरं बोलत होतं, चाक बॅलन्सच होतं, फक्त हबवर मधोमध बसलेलं नव्हतं. नटांचंही तसंच: कुणाची बैठक तिरपी, कुणाची गोल. जुने नट नव्या रिमला बसले म्हणजे जुळले असं नव्हे. जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्यानं आवळा आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा बघा.

टायरवरचा भार-अंक मूळच्यापेक्षा खाली जाता कामा नये. ९९ म्हणजे एका टायरला ७७५ किलो, १०० म्हणजे ८००. वेगाचं अक्षरही बघा. एच म्हणजे ताशी २१०, टी म्हणजे १९०, एस म्हणजे १८०. ऑल-टेरेन टायर बहुधा टी किंवा एस असतात. आणि मापाच्या पुढे एलटी लिहिलेलं असेल तर थांबा. ते टायर हलक्या ट्रकसाठी बनवलेले असतात. सहज कापले जात नाहीत हे खरं, पण वजनदार आणि ताठ. तेवढाच भार पेलायला त्यांना हवाही जास्त लागते. मी एकदा जुना रोड टायर आणि त्याच्या जागी आलेला एलटी वजनकाट्यावर ठेवले होते, एका टायरमागे चार किलोचा फरक निघाला. चार चाकांचे सोळा किलो, तेही स्प्रिंगच्या खालचे आणि गरागरा फिरणारे. ब्रेक आणि इंजिन दोघांनाही ते जाणवतात. तुमच्या वापराला कदाचित परवडेल. हौसेखातर घेणाऱ्याला परवडणार नाही.

प्रश्न: २३५/६५ आर १७ लावल्यापासून मायलेज १३ वरून ११.५ वर आलं. फसलो का? आणि हवा किती ठेवायची?

उत्तर: थोडे, पण वाटतं तेवढे नाही. तुमचं मीटर अजून जुन्या टायरच्या फेऱ्या मोजतंय. मूळचा २२५/६० धरला तर नवा टायर पाच टक्के मोठा, म्हणजे मीटर १०० म्हणतं तेव्हा गाडी १०५ गेलेली असते. ११.५ चे खरे १२ झाले. तोटा दीडचा नाही, एकचा आहे.

याची दुसरी बाजू वेगाची. संयुक्त राष्ट्रांचा नियम क्र. ३९ ज्या देशांत लागू आहे, तिथे स्पीडोमीटरनं खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नसतो. म्हणून कंपन्या काटा थोडा वरच ठेवतात. मोठा टायर ती सूट खाऊन टाकतो. फोनवरच्या जीपीएसशी एकदा ताडून बघा, आणि काटा मागे पडत असेल तर कॅलिब्रेट करून घ्या.

हवा किती ठेवायची हेही विचारलं आहे. टायरवर कोरलेला हवेचा आकडा ही कमाल मर्यादा आहे, तेवढी भरायची नसते. दाराच्या स्टिकरवरच्या आकड्यापासून सुरुवात करा. नक्षीवर आडवी खडूची जाड रेघ ओढा आणि सरळ रस्त्यावर थोडं अंतर चालवा. रेघ फक्त मधे पुसली तर हवा जास्त, फक्त कडांना पुसली तर कमी, सगळीकडे सारखी पुसली तर मुक्काम पोस्ट आलं.

प्रश्न: बाई, मी गाडी चालवत नाही. मुलानं हौसेनं गाडी उंच केली, वर मोठे टायर लावले. माझे गुडघे दुखतात, मला चढता येत नाही. त्याला सांगितलं तर म्हणतो, ‘दोन इंचांनी काय होतं?’ काय उत्तर देऊ?

उत्तर: दोन इंचांनी काय होतं ते गुडघ्याला विचारावं, असं सांगा. पहिल्या पत्रातलाच हिशेब धरला तर ४० मि.मी.ची लिफ्ट आणि २२५/६५ टायरचे ११, म्हणजे ५१. हिशेबाला मुलगा बरोबर आहे, दोन इंचच.

बाजूला पायरी लावून मिळते, पण ती दाराखाली लोंबते. ज्या दगडांवरून जायला त्यानं गाडी उचलली, त्याच दगडांना पहिली पायरी लागेल आणि कमावलेली उंची तिथेच खर्च होईल. हे ऐकल्यावर तो पायरी लावणार नाही, अशी माझी अटकळ आहे. तेव्हा डिकीत घडीचं, रुंद बुडाचं, न घसरणारं स्टूल ठेवायला सांगा, आणि दाराच्या वर धरायला मूठ नसेल तर ती बसवून घ्या. स्टूल काढायचं, मांडायचं आणि पुसून परत ठेवायचं काम त्याचं.